डेस्कटॉप तापतोय? पंखा आणण्याआधी उष्णता कुठे अडकली ते शोधा

डेस्कटॉप तापायला लागला की बहुतेकांचा पहिला विचार असतो नवा पंखा बसवण्याचा. कधी त्यानं काम भागतंही, पण बरेचदा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. प्रोसेसरमध्ये तयार झालेल्या उष्णतेची खोलीतल्या हवेपर्यंत जायची वाट ठरलेली असते. सिलिकॉनच्या चिपमधून ती वरच्या धातूच्या झाकणात येते, झाकणातून थर्मल पेस्टमार्गे (दोन्हींमधल्या फटी भरणाऱ्या लेपातून) कूलरच्या तळात, तळातून तांब्याच्या नळ्यांवाटे पातळ पत्र्यांमध्ये, पत्र्यांवरून पंख्याच्या हवेत आणि शेवटी कॅबिनेटबाहेर. या वाटेवर एका जागी जरी अडलं, तरी त्याच्या मागचं सगळं तापतं. पेस्टपाशी अडलं असेल तर कॅबिनेटला चार पंखे लावा, ढिम्म फरक पडणार नाही. पुढची जाळी धुळीनं बुजली असेल तर कितीही चांगली पेस्ट लावा, तीही वायाच. म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी अर्धा-पाऊण तास मोजमापाला द्या.

किती तापलं म्हणजे जास्त?

बोलताना आपण अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतो. पण डब्यात तापणारे भाग अनेक आहेत आणि प्रत्येकाची सहनशक्ती वेगळी. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत ती साधारण ९० आणि ७००० मालिकेत ९५ अंश. ७८००एक्स३डी सारख्या, चिपवर जादा कॅश (प्रोसेसरची स्वतःची झटपट मेमरी) रचलेल्या प्रोसेसरसाठी ८९. या मर्यादेला टेकल्यावर प्रोसेसर लगेच जळत नाही. तो वेगाच्या बाबतीत हात आखडता घेतो, म्हणजे थ्रॉटल होतो. त्यानंही भागलं नाही तर स्वतःला वाचवण्यासाठी संगणक तडकाफडकी बंद करतो.

नुसत्या आकड्यावरून आजार ठरवू नका. रायझन ७७००एक्स किंवा ७९५०एक्स पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जातात ते मुद्दाम. थंडाव्याला जेवढी जागा शिल्लक असेल तेवढी वापरून वेग वाढवायचा, अशीच त्यांची आखणी आहे. त्यामुळे कूलर कितीही मोठा बसवला तरी आकडा ९५ च राहून फक्त वेग वाढलेला दिसू शकतो. साध्या मध्यम प्रोसेसरचं चित्र वेगळं असतं. संगणक नुसता चालू असताना ३० ते ५०, गेम खेळताना ६० ते ८०, आणि व्हिडिओ रेंडर करण्यासारख्या सलग कामात ८५ च्या आसपास असेल तर चिंतेचं कारण नाही. काहीच काम नसताना ६५ किंवा ब्राउझर उघडताच ९० दिसत असेल, तर मात्र पुढचं सगळं वाचा.

एनव्हिडियाच्या बऱ्याच ग्राफिक्स कार्डांचं लक्ष्य तापमान ८३ अंशांच्या आसपास ठेवलेलं असतं. एएमडीच्या रेडिऑन कार्डांमध्ये हॉटस्पॉट नावाचा वेगळा आकडा दिसतो, तो ११० अंशांपर्यंत चालतो. तो पाहून घाबरून जाणारे पुष्कळ असतात, पण हा चिपवरच्या सर्वांत तापलेल्या जागेचा आकडा आहे, सरासरीचा नाही. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कची कमाल मर्यादा बहुधा ६० अंश असते; ती ४५ च्या आत राहिली तर उत्तम. एनव्हीएमई एसएसडी साधारण ७० ते ८५ च्या दरम्यान वेग कमी करायला लागते.

मोजायचं कसं

विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो हे मोफत साधन पुरेसं आहे. सुरू करताना फक्त सेन्सर दाखवण्याचा पर्याय निवडा. चालू, किमान, कमाल आणि सरासरी असे चार रकाने दिसतील. प्रोसेसरच्या विभागात थर्मल थ्रॉटलिंगची ओळ असेल तर ती आधी पाहा. तिथे होकार आला की वेग कमी होतोय हे सिद्ध झालं. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स हे पॅकेज हेच काम करतं. बायोसच्या (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या, मदरबोर्डच्या सेटिंगच्या) पडद्यावरचं तापमान तुलनेसाठी घेऊ नका. तिथे वीज वाचवण्याच्या सोयी पुरत्या चालू नसतात, त्यामुळे ते विंडोजमधल्या निवांत तापमानापेक्षा बरेचदा जास्त दिसतं.

काही आकडे निव्वळ खोटे असतात. १२७ अंश, शून्य किंवा उणे असं काही दिसलं तर त्या सेन्सरला मदरबोर्डवर काही जोडलेलंच नाही असं समजा. रायझनच्या पहिल्या पिढीतले १७००एक्स आणि १८००एक्स तर पंख्यांना लवकर जागं करण्यासाठी खऱ्या तापमानात २० अंश मिळवून सांगायचे. जुना संगणक असेल तर हे ध्यानात ठेवा.

आता चाचणी. खोलीचं तापमान लिहून ठेवा. हे विसरलं की नंतरची सगळी तुलना फसते, कारण खोली १ अंशानं तापली की आतले भागही जवळपास १ अंशानं तापतात. मग सगळे प्रोग्रॅम बंद करून १० मिनिटं थांबा आणि निवांत तापमान नोंदवा. त्यानंतर सिनेबेंच या प्रोग्रॅममधली सर्व कोअर वापरणारी चाचणी १० मिनिटं चालवा. प्राइम९५ मधली लहान एफएफटीची चाचणी त्याहून कठोर आहे. रोजच्या कुठल्याही कामापेक्षा ती जास्त तापवते, म्हणून तिच्या आकड्यावरून निराश होऊ नका.

कमाल आकड्यापेक्षा तो चढला कसा, याकडे जास्त लक्ष द्या. निदानाचा खरा धागा तिथेच आहे.

चाचणी सुरू होताच दोन-पाच सेकंदांत ४० वरून ९५ वर उडी गेली, तर उष्णता प्रोसेसरमधून कूलरमध्ये शिरतच नाहीये. कूलरचा धातू तापायला एरवी निदान मिनिटभर लागतं. अशी उडी म्हणजे कूलर सैल बसलाय, पेस्ट वाळलीय, तळाचं प्लॅस्टिक काढायचं राहिलंय किंवा पाण्याच्या कूलरचा पंप बंद पडलाय. याला अपवाद भरपूर वीज ओढणाऱ्या वरच्या श्रेणीच्या प्रोसेसरचा. ते निरोगी असूनही झटकन चढतात.

तापमान हळूहळू, १०-२० मिनिटं चढतच राहिलं, तर कूलर आपलं काम करतोय, पण कॅबिनेटमधली हवा बाहेर जात नाही. प्रोसेसरची चाचणी ठीक, पण गेम सुरू केल्यावर प्रोसेसरही तापतो, तर ग्राफिक्स कार्डची गरम हवा आत कोंडतेय.

याची खात्री करायला एक फुकटची युक्ती आहे. कॅबिनेटची बाजूची झडप काढा आणि तीच चाचणी पुन्हा चालवा. तापमान ८-१० अंशांनी उतरलं तर दोष हवेच्या वाटेत. दोन-तीन अंशांचाच फरक पडला तर दोष कूलर, पेस्ट किंवा पंख्यात. झडप कायमची उघडी ठेवणं हा मात्र उपाय नव्हे. धूळ जास्त जमते आणि पुढून मागे जाणारा हवेचा प्रवाह मोडतो, त्यामुळे हार्ड डिस्कसारखे काही भाग उलट जास्त तापू शकतात.

निवांत असतानाच तापमान चढं असेल तर टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर पाहा. काही काम नसताना तो काही टक्क्यांवरच असायला हवा. टास्क मॅनेजर उघडताक्षणी पंख्याचा आवाज आणि तापमान दोन्ही उतरत असतील, तर चोरून चालणाऱ्या क्रिप्टो मायनिंगचा संशय घ्या. असे प्रोग्रॅम पकडलं जाऊ नये म्हणून टास्क मॅनेजर दिसताच गप्प बसतात. अशा वेळी स्क्रूड्रायव्हरची नाही, संपूर्ण अँटिव्हायरस तपासणीची गरज असते.

आणखी एक गफलत नेहमी होते. गेम खेळताना संगणक अचानक बंद पडला की दोष उष्णतेवर ढकलला जातो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये नोंदी फाइलमध्ये साठवण्याची सोय आहे, ती चालू ठेवा. बंद पडण्याआधीच्या शेवटच्या ओळीत ७० अंश असतील तर उष्णतेचा संबंध बहुधा नाही, एसएमपीएसकडे (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे) वळा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली कर्नल-पॉवर ४१ ही नोंद फक्त एवढंच सांगते की संगणक रीतसर बंद झाला नाही. कारण ती सांगत नाही. उलट कर्नल-प्रोसेसर-पॉवरची ३७ क्रमांकाची नोंद वारंवार दिसत असेल, तर फर्मवेअर प्रोसेसरचा वेग रोखतंय, आणि त्यामागे उष्णता असू शकते.

धूळ

संगणक बंद करा, एसएमपीएसच्या मागचं बटण बंद करा, वायर काढा आणि पॉवरचं बटण १० सेकंद दाबून धरा. आत उरलेला बराचसा विद्युतभार त्यानं निघून जातो. पण एसएमपीएसचा डबा उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज बराच वेळ धोकादायक प्रमाणात साठून राहू शकते. त्याची धूळ बाहेरच्या जाळीतूनच उडवायची. काम करताना अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावत राहा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल.

वरवरची धूळ दिसते, पुसली जाते, आणि काम झाल्यासारखं वाटतं. घात करते ती दडलेली धूळ. मनोऱ्यासारख्या कूलरमध्ये पंखा आणि पत्रे यांच्या मधोमध धुळीचा नमद्यासारखा थर बसतो. पंखा काढल्याशिवाय तो दिसतच नाही. तारेच्या क्लिपा सोडवून पंखा बाजूला करा आणि पत्र्यांतून पलीकडचा उजेड दिसतो का पाहा. प्रोसेसरबरोबर मिळणाऱ्या छोट्या कूलरमध्ये हा थर पंख्याच्या पात्यांखाली, तर पाण्याच्या कूलरमध्ये पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्ये असतो.

दाबलेल्या हवेचा फवारणीचा डबा वापरत असाल तर तो उभा धरा. आडवा केला तर आतला द्रव बाहेर फवारला जातो. १५-२० सेंटिमीटर अंतरावरून छोटे छोटे झोत मारा आणि त्या वेळी पंख्याची पाती बोटानं अडवून ठेवा. झोतानं पंखा गरगर फिरवायला मजा वाटते, पण तो नेहमीपेक्षा कितीतरी जोरात फिरून बेअरिंग बिघडतं. चिकट धुळीला रंगकामाचा मऊ ब्रश लागतो. व्हॅक्युम क्लीनर फक्त बाहेरच्या जाळ्यांसाठी ठीक. त्याच्या प्लॅस्टिकच्या तोंडाशी स्थिर वीज तयार होते, तेव्हा मदरबोर्डजवळ तो नको. जाळ्या पाण्यानं धुता येतात, मात्र पूर्ण वाळल्यावरच परत लावा.

हवेची वाट

आता पंखे बरोबर दिशेनं वारा टाकताहेत का ते पाहा. पंख्याच्या चौकटीवर बाण नसेल तर सोपी खूण आहे: ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या काड्या दिसतात, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. संगणक चालू करून टिश्यू पेपरची पट्टी जाळीपाशी धरली तरी कळतं. हवा आत जात असेल तर पट्टी जाळीला चिकटते, बाहेर येत असेल तर फडफडते.

हवा पुढून आत आणि मागून व वरून बाहेर, हा साधा नियम. पुढे १२० किंवा १४० मिलिमीटरचे दोन आणि मागे एक पंखा बहुतेकांना पुरतो. त्यापुढे प्रत्येक पंख्यामागे पदरात पडणारा फायदा घटत जातो. छताच्या पुढच्या भागात बाहेर फेकणारा पंखा लावणं ही नेहमीची चूक. समोरून आलेली थंड हवा प्रोसेसरपर्यंत पोचण्याआधीच तो ओढून घेतो. तसंच कूलरचा पंखा उलटा बसून मागच्या पंख्याशी भांडत तर नाही ना, तेही पाहून घ्या. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असेल तर धूळ जाळ्यांवरच अडते, नाही तर ती प्रत्येक फटीतून आत खेचली जाते.

समोर सलग काच किंवा बंद पत्रा असलेली कॅबिनेटं दिसायला देखणी, पण पंख्यांना श्वास घ्यायला फक्त कडेची बारीक फट मिळते. पुढचं पॅनेल काढून चाचणी घ्या. ५ अंशांहून जास्त फरक पडला तर गुन्हेगार सापडला. मग पॅनेल थोडं पुढे राहील असे जाडसर वॉशर लावा किंवा मोकळ्या जाळीचं कॅबिनेट घ्या.

डबा कुठे ठेवलाय यालाही महत्त्व आहे. टेबलाच्या बंद कप्प्यात मागून बाहेर पडलेली गरम हवा फिरून पुढून आत येते. कप्प्याची मागची फळी काढा, आणि भिंतीपासून १०-१५ सेंटिमीटर अंतर सोडा. गालिच्यावर ठेवला तर खालून हवा घेणाऱ्या एसएमपीएसचं नाकच दाबलं जातं.

पंख्याचा वेग बायोसमध्ये ठरतो. तीन पिनांच्या पंख्याला डीसी आणि चार पिनांच्या पंख्याला पीडब्ल्यूएम अशी निवड असावी. तीन पिनांचा पंखा पीडब्ल्यूएमवर ठेवला तर तो सदानकदा पूर्ण वेगानं घोंघावतो. वेगाची रेषा आखताना ४० अंशांना ३० टक्के, ६० ला ५०, ७५ ला ७५ आणि ८५ ला १०० टक्के, इथून सुरुवात करा. वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय असेल तर ती चालू करा, नाही तर प्रत्येक क्लिकसरशी पंखा हुंकार देईल.

कूलर काढणं आणि पेस्ट बदलणं

चाचणीत ती झटपट उडी दिसली असेल, किंवा पेस्ट लावून चार-पाच वर्षं झाली असतील, तरच या वाटेला जा. पेस्ट काळानुसार वाळते. शिवाय तापण्या-निवण्यामुळे धातू प्रसरण-आकुंचन पावून ती थोडी थोडी कडेला ढकलली जाते.

लागणाऱ्या वस्तू मोजक्या: फुलीचा दोन नंबरचा स्क्रूड्रायव्हर, ९० टक्के किंवा त्याहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल, तंतू न सोडणारं कापड आणि पेस्टची ट्यूब.

आधी संगणक १० मिनिटं भारावर चालवा, मग बंद करून वायर काढा. कोमट पेस्ट मऊ असते. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या बैठकीवर) हे टाळू नका. त्यात पिना प्रोसेसरला असतात, आणि सॉकेटची पकड लावलेली असूनही वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर कूलरबरोबर उपटून येतो. त्यात पिना वाकल्या की सुई घेऊन एकेक सरळ करत बसावं लागतं. म्हणून पंख्याची वायर काढा, स्क्रू आळीपाळीनं सैल करा, कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळा, आणि तो सुटल्याचं जाणवल्यावरच वर उचला. एएम५ आणि इंटेलच्या सॉकेटमध्ये प्रोसेसर धातूच्या चौकटीनं दाबलेला असतो, त्यामुळे ही भीती नाही.

पुसण्याआधी जुन्या पेस्टचा ठसा नीट पाहा. एका बाजूला जाड आणि दुसरीकडे जवळजवळ कोरडा असेल तर कूलर तिरका बसला होता. मध्यभागी पेस्ट जशीच्या तशी उभी असेल तर दाबच पडला नव्हता. कूलरच्या तळावर पारदर्शक प्लॅस्टिक आहे का तेही बघा. त्यावर चक्क काढून टाकण्याची सूचना छापलेली असते, तरी ते राहून जातं. मग अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडानं दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे स्वच्छ करा आणि नंतर त्यांना बोट लावू नका.

पेस्ट किती लावायची, हा न संपणारा वाद आहे. उत्तर तिच्या कामात दडलंय. तांब्याची उष्णतावाहकता साधारण ४०० वॉट प्रति मीटर-केल्विन, चांगल्या पेस्टची दहाच्या आसपास, आणि हवेची जेमतेम ०.०२६. म्हणजे धातूपुढे पेस्ट अगदीच दुबळी. तिचं काम फक्त दोन धातूंमधल्या सूक्ष्म खाचांतली हवा हुसकून लावायचं. तिचा जाड थर अडथळाच ठरतो. चौरस लहान झाकणावर मध्यभागी ४-५ मिलिमीटरचा, वाटाण्याएवढा ठिपका पुरतो. एलजीए१७०० सॉकेटच्या लांबट इंटेल प्रोसेसरवर मध्यातून उभी रेघ किंवा कोपऱ्यांकडे जाणारी बारीक फुली बरी, कारण एकच ठिपका टोकांपर्यंत पोचत नाही. थोडी जास्त झाली तर दाबाखाली कडेनं बाहेर येते आणि पुसता येते. कमी पडली तर मात्र कोरडी जागा राहते. तेव्हा चुकायचंच तर जास्तीच्या बाजूनं चुका.

पेस्टऐवजी द्रव धातू लावण्याच्या मोहात पडू नका. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम पोखरतं, आणि तो वीजवाहक असल्यानं मदरबोर्डवर सांडलेला एक थेंबही शॉर्ट सर्किटला पुरेसा आहे.

कूलर वरून सरळ खाली टेकवा, मग घासू नका. चारही स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत, प्रत्येकी दोन-तीन फेरे असं करत कसा. एक कोपरा आधी पूर्ण आवळला की पेस्टचा थर पाचरीसारखा होतो. इंटेलच्या लहान कूलरच्या चार प्लॅस्टिक खुंट्या सर्वांत दगाबाज. खुंटीचं डोकं बाणाच्या उलट दिशेला वळवून मूळ जागी आणा, तिरप्या जोड्यांनी कट्ट आवाज येईपर्यंत दाबा, आणि शक्य असेल तर मदरबोर्डच्या मागून काळी टोकं चारही भोकांतून पूर्ण बाहेर आलीत का ते पाहा. चारातली एक निसटलेली असली तरी ९५ अंशांना एवढं कारण पुरतं.

जुना कूलर नव्या बोर्डावर बसवताना भोकांचं अंतर तपासा. एलजीए११५१ आणि १२०० मध्ये ते ७५ मिलिमीटर आहे, १७०० मध्ये ७८, आणि १७०० मध्ये प्रोसेसरची उंचीही थोडी कमी आहे. ओढूनताणून बसवलेला कूलर बसल्यासारखा दिसतो, पण दाब पुरेसा पडत नाही. पंख्याची वायर मदरबोर्डवर सीपीयू फॅन असं छापलेल्या जागीच लावा. दुसरीकडे लावली तर बरेच बोर्ड सुरू होतानाच पंखा नसल्याची तक्रार करतात.

पाण्याचा कूलर असेल तर

पंखे फिरताहेत, पण तापमान उसळलंय, अशा वेळी आधी पंपाचे फेरे पाहा. आकडा शून्य असेल किंवा सारखा कोसळत असेल तर पंप तरी गेला किंवा त्याची वायर तरी निघाली. भार देऊन दोन्ही नळ्यांना हात लावा: एक चांगलीच गरम आणि दुसरी थंडगार असेल तर पाणी फिरत नाही. पंपाला बायोसमध्ये कायम पूर्ण वेग द्या. त्याला तापमानाप्रमाणे कमी-जास्त करायचं नसतं. पंप हा सर्वांत उंच भाग होणार नाही असा रेडिएटर लावा, नाही तर नळ्यांतली हवा पंपात जमून गुळगुळ आवाज येतो आणि पंप झिजतो. बंद यंत्रणेतलं पाणी नळ्यांच्या रबरातून वर्षानुवर्षं कणाकणानं कमी होतं, आणि बहुतेक मॉडेलांत ते पुन्हा भरता येत नाही. पाच-सात वर्षांनी असा कूलर दुरुस्त करण्यापेक्षा बदललेला बरा.

ग्राफिक्स कार्ड

५०-६० अंशांच्या खाली पंखे थांबलेले दिसले तर तो बिघाड नाही, बऱ्याच कार्डांची ती रीत आहे. सरासरी तापमान आणि हॉटस्पॉट यांतला फरक पाहा. १०-२० अंश ठीक; ३० च्या पुढे गेला तर आतली पेस्ट सरकलीय किंवा कूलर सैल आहे.

कार्ड उघडणं मात्र शेवटचा पर्याय ठेवा. वॉरंटी जाऊ शकते, आणि मेमरीवरच्या रबरी थर्मल पॅडची जाडी एकाच कार्डात १, १.५ आणि २ मिलिमीटर अशी वेगवेगळी असू शकते. मेमरीवर हवा त्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड लावला तर मुख्य चिपवरून कूलर उचलला जातो आणि दुखणं वाढतं. त्याआधी फ्रेमवर मर्यादा घाला. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर सेकंदाला २०० फ्रेम काढून फक्त खोली तापते. काही गेमच्या मेनूच्या पडद्यावरही कार्ड पूर्ण ताकदीनं राबत असतं. मग विजेची मर्यादा ८० टक्क्यांवर आणून पाहा. तापमान बऱ्यापैकी उतरतं, आणि गेममधला फरक सहसा डोळ्याला कळत नाही.

बायोसमधली वीज

धूळ काढली, पेस्ट बदलली, हवा खेळती केली, तरी प्रोसेसर मर्यादेला टेकतोय? मग त्याला वीज किती मिळते ते बघा. कोअर आय७-१२७०० च्या खोक्यावर ६५ वॉट लिहिलेलं असतं, पण टर्बोमध्ये, म्हणजे गरजेला वेग वाढवताना, तो १८० वॉटपर्यंत जातो. कोअर आय९-१३९००के साठी हेच आकडे १२५ आणि २५३. त्यात अनेक मदरबोर्ड मुळातच ही मर्यादा उठवून ठेवतात. बायोसमध्ये ४०९५ किंवा ४०९६ वॉट असा हास्यास्पद आकडा दिसला तर तो म्हणजे मर्यादाच नाही. तिथे इंटेलची मूळ सेटिंग निवडा. तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर असतील तर बायोसही नवं करून घ्या. त्यांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात असल्यामुळे येणाऱ्या अस्थिरतेवर इंटेलनं २०२४ मध्ये मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली, आणि ती बायोसमधून मिळते.

रायझनमध्ये इको मोड शोधा. १०५ वॉटचा म्हणवणारा प्रोसेसर प्रत्यक्षात १४२ वॉटपर्यंत ओढतो. ६५ वॉटच्या इको मोडमध्ये त्याला ८८ ची वेसण बसते. एका कोअरवरच्या रोजच्या कामात फरक जवळपास जाणवत नाही, सगळ्या कोअरच्या कामात थोडा जाणवतो. कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं कमी करणारी सोय) असेल तर उणे १० पासून सुरुवात करून पाच-पाचनं खाली या, आणि प्रत्येक पायरीला तासभर चाचणी घ्या. संगणक गोठला किंवा आपोआप पुन्हा सुरू झाला तर एक पायरी मागे.

बायोसला हात लावायची धास्ती वाटत असेल तर विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० वरून ९९ टक्के करा. बहुतेक प्रोसेसरांवर एवढ्यानं टर्बो बंद होतो आणि तापमान एकदम कोसळतं. वेगही बराच जातो, तेव्हा नवा कूलर येईपर्यंत दिवस काढायला हा उपाय ठीक.

प्रत्येक बदलानंतर तीच चाचणी, तेवढीच १० मिनिटं, आणि खोलीचं तापमान वजा करून तुलना. एका वेळी एकच बदल करा. पेस्ट, पंखा आणि बायोस एकाच दिवशी बदलले तर गुण कशाचा आला ते कळणार नाही. हे सगळं करूनही झटपट उडी कायम असेल, तर भार देऊन कूलरच्या पत्र्यांना हळूच हात लावा. पत्रे जेमतेम कोमट आणि प्रोसेसर ९५ वर असेल, तर तांब्याच्या नळ्या निकामी झाल्यात किंवा दाब अजूनही पडत नाही. पत्रेही चटका बसण्याइतके गरम असतील, तर कूलर धडधाकट आहे पण या प्रोसेसरला पुरा पडत नाही, आणि आता खरोखर मोठा कूलर घ्यायची वेळ आली आहे. घेताना कॅबिनेटमध्ये किती मिलिमीटर उंचीचा कूलर मावतो ते आधी पाहा. मनोऱ्याचे मोठे कूलर १५५ ते १६५ मिलिमीटर उंच असतात आणि अरुंद कॅबिनेटची झडप त्यांच्यावर बसत नाही.